बाबांची बंडी: पाठ आणि पुढचे दोन्ही भाग तयार

पाठ आणि पुढचे दोन्ही भाग धावदोऱ्याने भरून झाले, बेतून कापलेही. काल खांदे जोडले. बगला (बाजूच्या शिवणी), मुंढे (हात घालायची भोकं), गळा, खिसे, काज अजून बाकी आहेत. पण गोधडीच्या टाक्याने अंगावरचा कपडा शिवायचा तर सगळे मोठे निर्णय इथपर्यंतच होऊन जातात, म्हणून आत्ताच लिहिते.

बंडी कुणासाठी ते आधी सांगते, कारण सगळं त्यावरूनच ठरलं. बाबा निफाड तालुक्यात कांदा करतात. ज्या आठवड्यात मोटारीला लागणारी थ्री फेज लाईट रात्रीची असते, त्या आठवड्यात कांद्याला पाणीही रात्रीच. थंडीच्या लाटेत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच अंशांखाली गेल्याचं आपण पेपरात वाचतो, तेव्हा बाबा वाफ्यात उभे असतात. फावडं चालवताना स्वेटरच्या बाह्या मनगटाशी भिजतात आणि मग त्या ओल्या बाह्या थंडीपेक्षा जास्त छळतात. म्हणून बाह्या नकोतच. लांबी कमरेच्या जराशी खाली, वाकलं तरी पाण्याला टेकणार नाही एवढी. आत जाड सदरा असणार, म्हणून छातीच्या मापावर सहा इंच ढिलाई आणि मुंढा नेहमीपेक्षा इंचभर खोल.

वरून आईचं जुनं सुती पातळ (साडी), गडद विटकरी. अस्तराला आजोबांचं मऊ पडलेलं धोतर. मध्ये फ्लॅनेलचा एक थर. कापूस भरला असता तर ऊब नक्कीच जास्त मिळाली असती, पण सुट्या कापसाला वारंवार पाणी लागलं की तो सरकतो, त्याचे गोळे होतात, आणि वाळायलाही वेळ घेतो. ही बंडी चिखलात जाणार आणि सारखी धुतली जाणार. जुनं कापड आधीच आटलेलं असतं, नवं फ्लॅनेल आटायचं असतं. म्हणून ते रात्रभर भिजवून, कडक उन्हात वाळवून मगच घेतलं. नाहीतर पहिल्या धुण्यातच मधला थर आखडतो आणि वरच्या कापडाला कायमच्या चुण्या पडतात.

सगळ्यात जास्त विचार केला तो ओळींमधल्या अंतराचा. ऊब देते ती थरांमध्ये अडकलेली हवा. ओळी दाट घातल्या की ती हवा दबते आणि कापड ताठ होतं. फार विरळ ठेवल्या तर थर एकमेकांवर घसरतात, झिजतात. छातीवर आणि पाठीवर पाऊण इंच अंतर ठेवलं. खांद्यावर मात्र पाव इंच, कारण फावडं तिथेच टेकतं. गोधडीत आपण सगळीकडे एकसारखं भरतो, तेच तिचं देखणेपण. कपड्यात मात्र शरीर जिथे जे मागेल ते द्यावं असं माझं ठाम मत झालंय.

दिशेचंही तसंच. गोधडी कडेपासून आत भरत जायची. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडीही अशीच कडेने सुरू होऊन मध्यावर संपते. पण हे चौकोनी फेरे कापताना मुंढ्यापाशी आणि गळ्यापाशी तुटतात. म्हणून पुढच्या भागांवर सरळ उभ्या ओळी घेतल्या. पाठीवर मात्र मधोमध एक चौकोन फेऱ्यांनी भरला. तिथे कात्री लागत नाही, आणि गोधडीची ओळख कुठेतरी दिसायलाच हवी होती.

आधी भरायचं, मग कापायचं, हा क्रम सोडू नका. बारा इंचांचा नमुन्याचा तुकडा भरल्यावर साडेअकरा इंचच उरला. म्हणजे चोवीस इंचांच्या पाठीत इंचभर गेलंच. चारी बाजूंनी दोन इंच जास्तीचं कापड ठेवून भरलं, मग त्यावर खाका मांडून खडूने रेघ ओढली. कापण्याआधी त्या रेघेच्या आतून मशीनवर एक टीप मारली, कारण धावदोरा मध्येच कापला की ओळ उसवत जाते. दोरा दुहेरी सुती, मेणावरून ओढलेला. अंगुस्तानाशिवाय (सुई टोचू नये म्हणून बोटावर घालायची टोपी) तर खांद्याचं दाट काम होणारच नाही.

खांद्याची शिवण जाड होऊ नये म्हणून जोडल्यावर शिवणीतलं फ्लॅनेल कापून टाकलं, एका बाजूचं अस्तर जरा रुंद ठेवलं होतं ते दुसऱ्यावर दुमडून हेम घातली. आतून हात फिरवला तरी कुठे गाठ लागत नाही.

आता बगला. त्यांना खाली तीन इंचांची चीर ठेवणार, बसताना ओढ बसू नये म्हणून. मुंढ्यांना आणि गळ्याला त्याच पातळाच्या काठाशेजारच्या कापडाची उरेबपट्टी, म्हणजे तिरकी कापलेली पट्टी. काठ स्वतः उरेब कापता येत नाही, तो सरळ बटणपट्टीला लावेन. उजवा खिसा खोल हवा, बॅटरी राहील एवढा. बटणं मोठी घेतली आहेत, गारठलेल्या बोटांनाही लावता येतील अशी. काज हाताने करायचे की मशीनवर, यावर तुमचा अनुभव सांगा. तीन थरांतून हाताचा काज जास्त टिकेल असं मला वाटतं.