पाकानं भाजलेला हात

गेल्या पौषात आमच्या गुऱ्हाळावर पाक निवायच्या वाफ्यात ओतताना काहील एका अंगाला कलली आणि पाक माझ्या डाव्या हातावर आला. गूळ उतरायला येतो तेव्हा पाकाचं तापमान ११५ ते ११८ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे उकळत्या पाण्याच्याही वर. शिवाय पाणी ओघळून जातं, पाक चिकटून बसतो. पळत जाऊन हौदात हात घातला, पण तोवर जे व्हायचं ते झालं होतं. वर कुणीतरी मायेपोटी टूथपेस्ट थापली. कराडला दवाखान्यात सिस्टरनी आधी ती पेस्ट पुसून काढली. ते दुखणं मला भाजण्यापेक्षा जास्त आठवतं.

कोपराजवळ फोड आले होते, तिथं वारासुद्धा सोसवत नव्हता. मनगटाजवळची तळव्याएवढी जागा मात्र पांढरीफटक, चामड्यासारखी झाली होती, आणि तिथं काहीच दुखत नव्हतं. मला वाटलं, बरं झालं, इथं कमी भाजलंय. डॉक्टरांनी सुई टोचून विचारलं, "लागतंय का?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "काळजी तिथलीच आहे. दुखणं कळवणाऱ्या नसांची टोकंही जळालीत."

पोरगी तेव्हा नववीला. ऊतींचा धडा तिचा नुकताच झाला होता. रात्री खाटेशेजारी बसून तिनं मला वाचून दाखवला. कातडीचा वरचा थर म्हणजे स्तरित पट्टकी अभिस्तर, चपट्या पेशींचे एकावर एक थर. तळातल्या पेशी सारख्या वाढत असतात, जुन्यांना वर ढकलतात. वर येता येता त्या वाळतात, मरतात आणि महिनाभरात गळून जातात. या थराला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत, खालून जे झिरपेल त्यावर तो जगतो. जंतू बाहेर आणि अंगातलं पाणी आत ठेवायचं काम त्याचं. माझ्या मनगटावरची ती राखणच गेली होती.

आठवड्याभरात कोपराजवळ गुलाबी ठिपके दिसायला लागले, मनगटाजवळ काहीच नाही. पोरीनं डॉक्टरांना कारण विचारलं. त्यांच्या घरची शेती असावी. म्हणाले, "केसांची मुळं, घामाच्या नळ्या कातडीत खोल जातात आणि त्यांना आतून हाच अभिस्तर असतो. वरचं गेलं तरी तिथून फुटवे येतात, ऊस तोडल्यावर बुडख्यातून तुमचा खोडवा फुटतो तसे. मनगटाजवळ बुडखेच जळालेत. आता नवी लागण करायची." त्या एका वाक्यानं मला जे समजलं ते ऑपरेशनच्या फॉर्मवर सही करताना समजलं नव्हतं.

भूल देणाऱ्या मॅडमनी तोंड उघडायला लावलं. तंबाखू ठेवतो त्या गालात पांढरट चट्टा होता. गालाच्या आतही असाच अनेक थरांचा अभिस्तर, पण ओला आणि नाजूक. त्या रागावल्या नाहीत, "तपासून घ्या" एवढंच बोलल्या. त्या दिवसापासून तंबाखू बंद आहे. चट्टाही दाखवून घेतला. चुलाणाच्या धुरानं येणाऱ्या खोकल्याचंही त्यांनी विचारलं. श्वासनळीच्या अस्तराला बारीक रोम असतात, ते धूळ आणि कफ वर ढकलत राहतात. धुरानं त्यांचं काम मंदावतं.

चौदाव्या दिवशी ऑपरेशन झालं. मांडीवरून पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची कातडी काढली, यंत्रातून फिरवून तिची जाळी केली आणि मनगटावर बसवली. हाताला फळी बांधली. पाच दिवस हलवायचा नाही, उघडायचं नाही. पहिले दोन दिवस ती कातडी खालचा ओलावा शोषून जगते, मग रक्तवाहिन्या जोडल्या जातात. मध्ये ती सरकली किंवा खाली रक्त साठलं तर मरते. जाळी केलेली असली की साठलेलं बाहेर निघून जातं. त्या पाच रात्री मी कूस बदलली नाही. हातापेक्षा मांडीच जास्त आग करायची, याची कल्पना मात्र कुणी दिली नव्हती.

पाचव्या दिवशी पट्टी सोडली. जाळी गुलाबी होती. डॉक्टरांनी बोटानं हलकं दाबलं, जागा पांढरी पडली आणि बोट उचलताच पुन्हा रंग भरला. कारभारणीनं तिथंच हात जोडले. मांडीची पट्टी मात्र कुणी ओढली नाही. दोन आठवड्यांनी ती आपली आपण सुटली, खाली नवी कातडी आली होती. तिथं बुडखे शाबूत होते ना.

त्यानंतर सहा महिने घट्ट बाही घातली, अंघोळीपुरती काढायची. अजून जाळीची नक्षी दिसते. पातळ कातडीबरोबर घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी येत नाहीत, म्हणून त्या जागेला सकाळ-संध्याकाळ खोबरेल लावतो. यंदा चुलाणापुढं उभं राहिलं की सगळा हात घामानं निथळतो, मनगटाजवळचा तेवढा तुकडा कोरडा राहतो.