हिमालय अजून वाढतोय का?

भूशास्त्र शिकवतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "हिमालय अजून वाढतोय म्हणे. मग एव्हरेस्ट दहा हजार मीटरचं कधी होणार?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगतो. वाढतोय, हे खरं. दहा हजार मात्र विसरा.

माझ्या टेबलावर नेपाळच्या हिमालयातल्या काळी गंडकी नदीच्या पात्रातला एक शाळिग्राम असतो. नदीने घासून गुळगुळीत केलेला काळा गोटा, एका बाजूला फुटलेला. फुटल्या जागी वेटोळं उमटलंय, त्यावर नख फिरवलं की कंगोरे लागतात. हा अमोनाइट, समुद्रातल्या प्राण्याचा जीवाश्म. विचारणाऱ्याच्या हातात मी आधी तोच ठेवतो. भारत आणि आशियाच्या मध्ये टेथिस समुद्र होता. भारत उत्तरेला सरकत सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला आणि मधला समुद्रतळ चुरगळून वर आला. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडकही समुद्रातलाच.

भारताची ढकलाढकल अजून चालूच आहे, वर्षाला ४-५ सेंटिमीटर. पण त्यातून होणारी वाढ सरळ नसते. २०१५च्या नेपाळच्या भूकंपात काठमांडूचा परिसर सुमारे एक मीटर वर उचलला गेला आणि उत्तरेची काही उंच शिखरं उलट खाली बसली!

शिवाय वर आलेला दगड टिकतो कुठे? हिमनद्या, नद्या तो तासून नेतात. बंगालच्या उपसागराच्या तळाशी त्याच गाळाचा पंखा सुमारे ३००० किलोमीटर पसरलाय.

खरी गंमत पुढेच आहे. डोंगराला खाली मूळ असतं. तिबेटखाली भूकवच, म्हणजे पृथ्वीचं वरचं दगडी कवच, ७० किलोमीटरपर्यंत जाड आहे, एरवीच्या दुप्पट. ते खालच्या जड थरावर, म्हणजे प्रावरणावर, भरल्या होडीसारखं तरंगतं. माल उतरवला की होडी वर येते, तसा माथा झिजला की डोंगर वर येतो. म्हणजे हिमालय झिजतो म्हणूनही थोडाफार वाढतो. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८५५ मध्ये हे मूळ सुचवलं, तेही डोंगराच्या ओढीने ओळंबा हिमालयाकडे हिशेबाइतका झुकत नव्हता म्हणून; खालचं मूळ हलकं असल्याने ओढ कमी पडते. आणि मूळ फार जाड झालं, तर खोलवरचा तापलेला दगड भार न पेलून बाजूला पसरतो. उंचीला लगाम बसतो तो असा.

"मग हिमालय संपणार कधी?" हा पुढचा प्रश्न. अमेरिकेतल्या ॲपलेशियन पर्वतांकडे बघा. त्यांना उभं करणारी खंडांची टक्कर संपून २५ कोटींहून जास्त वर्षं झाली, तेव्हापासून ते झिजतायत. तिथलं माउंट मिचेल अजून २०३७ मीटर आहे.