घुबडासाठी केलेली प्राणिसंग्रहालयाची चक्कर

गेट उघडायच्या आधीच पोचलो होतो, सोबत भाची. सगळी पब्लिक वाघाकडे पळाली आणि आम्ही घुबडांकडे, तिथे चिटपाखरू नव्हतं (म्हणजे पिंजऱ्याबाहेर).

पहिले साठेक फोटो पूर्ण वाया, जाळी एकदम शार्प आणि मागे घुबड म्हणजे धुरकट गोळा. ऑटोफोकस आधी जाळीच पकडतो, म्हणून सिंगल पॉइंट (एकाच ठिपक्यावर फोकस) लावा आणि तो जाळीच्या भोकातून थेट डोळ्यावर टाका, तरी ऐकत नसेल तर सरळ मॅन्युअल, म्हणजे हाताने फोकस. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं भोक) पूर्ण उघडा, माझं एफ ४ होतं ३०० एमएमच्या झूमला, लेन्स जाळीच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्या आणि पक्षी जाळीपासून लांब बसेपर्यंत थांबा, मग जाळी जवळजवळ गायबच होते. उन्हात चमकणारी जाळी मात्र काही केल्या जात नाही, फोटोवर पांढुरका पडदा येतो, त्यामुळे सावलीतली बाजू शोधायची. कठडा ओलांडून पुढे जायचं नाही हे वेगळं सांगायला नको, पण एक काका तेच करत होते म्हणून सांगतोय.

घुबडाचे डोळे खोबणीत फिरत नाहीत, म्हणून मान फिरते, २७० अंशांपर्यंत! मानेत १४ मणके असतात, आपल्याला ७. त्यामुळे तुमच्याकडे बघायचं तर त्याला अख्खं तोंड वळवावं लागतं आणि ते त्याच्या मर्जीने. मी पाऊण तास पाठ बघत उभा होतो. टाळ्या, शिट्ट्या नकोत, फ्लॅश तर अजिबात नको, रात्री बघायला बनलेले डोळे आहेत ते. कान पण भलते तिखट, गव्हाणी घुबडाचा तर एक कान दुसऱ्यापेक्षा वर असतो, आवाज नेमका कुठून आला ते कळायला, म्हणून सायलेंट शटर असेल तर चालू करा. याच गव्हाणीचा चेहरा अंधाऱ्या पिंजऱ्यात पांढराफटक जळून येतो (नको इतका उजळ), मी एक्स्पोजर (फोटोचा उजेड) उणे ०.७ केलं तेव्हा कुठे पिसं दिसायला लागली. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ३२०० ला घाबरू नका, दाणे चालतात, हललेला फोटो नाही चालत. घुबड तसं पुतळ्यासारखं बसतं, स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारा) असेल तर १/६० सेकंदाच्या शटरवर पण काम झालं.

बाकी प्राण्यांचं थोडक्यात. वाघ काचेमागे होता, तिथे लेन्सपुढचं रबरी हूड (टोपण) काचेला चिकटवा, नाहीतर फोटोत तुमचाच शर्ट येतो, गडद कपडे घालून गेलात तर अजून बरं. सापांचं घर दमट, एसी गाडीतून उतरून थेट आत गेलात तर लेन्सवर वाफ, कॅमेरा बॅगेतच दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. माकडांचे फोटो काढलेच नाहीत, तोवर गर्दी आणि ऊन दोन्ही डोक्यावर आलं होतं.

घरी येऊन बघतो तर चारशेतले कामाचे अकरा. आणि सगळ्यात भारी फोटो भाचीचा, फोनची लेन्स एवढीशी, तिने ती जाळीच्या भोकाला बरोब्बर लावली आणि घुबडाने मान वळवली तेव्हा क्लिक, जाळीचा मागमूस नाही. मी तेव्हा बॅटरी बदलत होतो.