थर्मोस्टॅट परत बसवला: १.२ पेट्रोल, ईसीयू आणि अ‍ॅव्हरेज

अ‍ॅव्हरेज वाढवायला ओटू सेन्सरच्या, म्हणजे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन ओळखणाऱ्या सेन्सरच्या, वायरीत रेझिस्टर घालायचा बेत रद्द. साधा ओटू सेन्सर ०.४५ व्होल्टच्या वर-खाली डोलत असतो. त्याचा सिग्नल वर उचलला की ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, वाटतं आणि तो पेट्रोल कापत जातो. अ‍ॅव्हरेज थोडं वाढतंही, पण लाँग टर्म ट्रिम (ईसीयूने शिकून ठेवलेली पेट्रोल कमी-जास्त करायची टक्केवारी) मायनसच्या टोकाला गेली की पी०१७२ हा ‘मिश्रण फार रिच’ सांगणारा एरर कोड येतो. शिवाय ही शिकलेली ट्रिम बरेच ईसीयू फुल थ्रॉटललाही लावतात. म्हणजे एसी लावून, चार माणसं घेऊन मोलेहून अनमोड घाट चढताना नेमकं मिश्रण लीन (पेट्रोल कमी), आणि नॉकिंग, म्हणजे इंजिनाची खडखड, सुरू. लीन मिश्रणात कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला नॉक्सही (नायट्रोजनचे प्रदूषक ऑक्साइड) आवरत नाही. पीयूसीत नॉक्स मोजतच नाहीत, त्यामुळे तिथे पास झाल्याचं समाधान फुकटचं.

गरम हवेचा इनटेकही बाद. ती थंड मुलखातली युक्ती. मे महिन्यात मडगावच्या ट्रॅफिकमध्ये बॉनेटखाली आधीच भट्टी असते. हवा आणखी तापली की ईसीयू स्पार्कचं टायमिंग मागे घेतो.

खरं पेट्रोल जातं ते थर्मोस्टॅटपायी, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हपायी. ‘गोव्यात कसली आलीय थंडी’ म्हणून गॅरेजात तो सर्रास काढून टाकतात. मग वेर्ण्याच्या पठारावर ८०च्या वेगाने गेलं तरी कूलंट ७०च्या आतबाहेर राहतं, इंजिन अजून पुरतं तापलेलं नाही असं समजून ईसीयू जादा पेट्रोल देत राहतो. ट्रॅफिकमध्ये तापमान चढतं, म्हणून काट्यावरून काही कळत नाही.

तपासायचं थंड इंजिनावर. रेडिएटरचा वरचा होज ओबीडीवर (ईसीयूचे आकडे दाखवणाऱ्या स्कॅनरवर) साधारण ८० अंश दिसेपर्यंत गार राहून मग एकदम तापला पाहिजे. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा नाहीच. नवा घेताना जुन्यावरचा अंशांचा आकडा जुळवा आणि पातेल्यात तारेने टांगून, तळाला टेकू न देता, उकळून बघा. बसवताना जिगल व्हॉल्व्ह (हवा सोडणारी छोटी पिन) वरच्या बाजूला, ओ-रिंग नवी. कूलंट डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. विहिरीचं पाणी नको. हीटर फुल ठेवून, कॅप उघडी ठेवूनच थंड इंजिन सुरू करा, बुडबुडे थांबले की कॅप लावा. कूलंटच्या सेन्सरपाशी हवा अडकली तर रीडिंग खोटं येतं.

आता फ्युएल कट, म्हणजे उतारावर ईसीयू इंजेक्टर बंद करतो ते. अनमोडहून मोलेकडे उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की ओबीडीवर फ्युएल सिस्टिम स्टेटस ओपन लूप (ईसीयू ओटू सेन्सरकडे बघत नाही) होतं आणि ओटूचं व्होल्टेज शून्याजवळ येतं. इंजिन गार असेल तर बऱ्याच गाड्यांत हा कट मिळतच नाही, थर्मोस्टॅटचा दुसरा फायदा तो. आरपीएम उतरलं की इंजेक्टर परत सुरू होतात, एसी चालू असेल तर जरा आधीच. म्हणून वेळेत दुसरा टाका. न्यूट्रलमध्ये आयडलचं पेट्रोल जळतंच, वर ब्रेक तापतात.

अ‍ॅव्हरेज काढताना एकच पंप, नोझलच्या पहिल्या ऑटो-कटला थांबायचं. ई१० (१० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) वरच्या जुन्या आकड्यांशी तुलना नको: ई२० वर पेट्रोलच्या एका भागामागे लागणाऱ्या हवेचं प्रमाण १४.१ वरून १३.५ वर येतं, ट्रिम चारेक टक्के वर सरकते. ट्रिम दहाच्या पुढे गेली तर इथेनॉलला दोष देऊ नका, व्हॅक्यूम होज तपासा.