असईच्या लढाईत शार्प कुठून आला?

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न बहुतेक वेळा असा असतो: असईच्या लढाईवर (१८०३, इंग्रज विरुद्ध शिंदे-भोसले) इंग्रज लेखक बर्नार्ड कॉर्नवेलची कादंबरी आहे, ती इतिहास म्हणून वाचावी का? आणि रिचर्ड शार्प या काल्पनिक इंग्रज सैनिकावरच्या एवढ्या लांबलचक मालिकेत हात कुठे घालावा?

आधी लेखकाबद्दल थोडं. कॉर्नवेलचा जन्म १९४४ चा, लंडनचा. त्याला दत्तक घेतलं ते इसेक्समधल्या ‘पिक्युलियर पीपल’ या कडव्या ख्रिस्ती पंथाच्या घरानं, आणि त्या पंथाला युद्धच निषिद्ध. मोठेपणी सैन्यात जायचं म्हटलं तर नजर अधू निघाली. मग बीबीसी, तिथे उत्तर आयर्लंडमध्ये चालू घडामोडींच्या विभागाचा प्रमुख. १९८० मध्ये लग्न करून अमेरिकेत गेला तर तिथे नोकरीचा परवाना मिळेना. कादंबरी लिहायला परवाना लागत नाही, म्हणून लिहायला बसला. सी. एस. फॉरेस्टरच्या कादंबऱ्यांचा नायक हॉर्नब्लोअर आरमारात होता, पायदळात तसा कुणी नव्हता. ती जागा रिचर्ड शार्पनं घेतली, १९८१ मध्ये.

त्याची रीत सोपी आहे. लढाई, पलटणी, सेनापती खरे. एखादं काम नक्की कुणी केलं याची नोंद जिथे धूसर, तिथे शार्प उभा करायचा. नोंद स्पष्ट असली तरी कधी कधी दुसऱ्याचं श्रेय सरळ उचलून त्याला द्यायचं, आणि पुस्तकाच्या शेवटी ‘ऐतिहासिक टीप’ लिहून कबुली द्यायची. पहिल्याच कादंबरीत स्पेनमधल्या तालावेराच्या लढाईत (१८०९) शार्प फ्रेंचांचा गरुडध्वज पळवतो. प्रत्यक्षात इंग्रजांनी लढाईत पहिला गरुड मिळवला तो १८११ मध्ये, स्पेनमध्येच, बारोसाच्या लढाईत.

असईची गंमत वेगळी. सुरुवातीच्या पुस्तकांत ती नुसती पूर्वपीठिका आहे: शार्पनं तिथे इंग्रज सेनापती वेलस्लीचा (पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन) जीव वाचवला आणि साधा शिपाई अधिकारी झाला. मागे टाकलेल्या या वाक्याची लढाई करायला १९९८ उजाडलं, ‘शार्प्स ट्रायम्फ’. यातला बचाव काल्पनिक असला तरी भोवतालचं बरंच घडलेलं आहे. तारीख २३ सप्टेंबर १८०३. वाटाडे म्हणत होते केळना नदीला उतार नाही. दोन्ही काठांवर समोरासमोर गावं दिसली, त्यावरून वेलस्लीनं ओळखलं की उतार असणारच. नदी ओलांडताना त्याच्या शेजारच्या स्वाराचं डोकं तोफगोळ्यानं उडालं, हेही खरं. पिकेटांची, म्हणजे पहाऱ्यावरच्या शिपायांची, तुकडी उजवीकडे भरकटली, तिच्यामागे ७४ वी पलटणही असई गावच्या तोफांसमोर गेली आणि कापली गेली. शिंद्यांचे गोलंदाज मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि पुढे गेलेल्या इंग्रजांवर मागून तोफा फिरवल्या, तेही काल्पनिक नाही. इंग्रजांच्या हाती ९८ तोफा लागल्या. मेलेले, जखमी, बेपत्ता मिळून त्यांची दीड हजारावर माणसं गेली.

मराठी वाचक अडखळतो तो दुसरीकडे. ही लढाई इंग्रजी पत्रांवर आणि आठवणींवर उभी आहे. त्यामुळे शिंद्यांच्या बाजूनं बोलतात ते पोलमन हा हानोव्हरचा सरदार आणि कंपनीतून फितूर झालेला डॉड. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले मागे धूसर राहतात. कवायती कंपू (युरोपीय पद्धतीनं शिकवलेली शिंद्यांची फौज) कसा उभा राहिला, पगार कसा थकायचा, दोन दरबारांचं जमत का नव्हतं, यातलं फारसं काही इथे मिळणार नाही. हा मला त्या पुस्तकाचा खरा तोटा वाटतो. युद्धाची यंत्रणा मात्र क्वचितच कुणी इतकी नीट दाखवली असेल: रांग का मोडते, छर्रे कधी झाडतात, संगीन कधी.

तेव्हा क्रम असा धरा. पहिलं ‘शार्प्स टायगर’ (१९९७), श्रीरंगपट्टणचा १७९९ चा वेढा. हवालदार हेक्सविलचं वैर तिथे सुरू होतं, ते माहीत नसेल तर पुढचं अर्धं कळत नाही. मग ‘ट्रायम्फ’, मग ‘फोर्ट्रेस’ (१९९९), म्हणजे चिखलदऱ्याजवळचा गाविलगड किल्ला. शेवटची ऐतिहासिक टीप आधी वाचू नका, कथानक फुटतं. पुस्तक संपल्यावर मात्र चुकवू नका. १५ डिसेंबर १८०३ ला गाविलगडाच्या आतल्या तटाला शिडी लावून वर चढले ते ९४ व्या पलटणीचे कॅप्टन कॅम्पबेल आणि त्यांची लाइट कंपनी. कादंबरीत तो मान शार्पचा आहे. चिखलदऱ्याला जाणार असाल तर पुस्तक बरोबर घ्या. दोन किल्ल्यांमधली ती घळ बघितली की कॉर्नवेलनं तिथे एवढी पानं का घालवली ते समजतं.