बांचा म्वालिमू

वाशीच्या मसाला मार्केटात मी सतरा वर्षं हिशेब लिहितोय. परवा झांजिबारची लवंग उतरत होती. शेठच्या आई, म्हणजे आमच्या बा, गाळ्यावर बसल्या होत्या. मूठभर लवंग हुंगून म्हणाल्या, "म्वालिमूच्या वेळची अशी नव्हती."

गोण खांद्यावर घेतलेला माथाडी थबकला. "कोण मवाली?"

म्वालिमू म्हणजे तिकडच्या स्वाहिली भाषेत मास्तर. ज्युलियस न्येरेरे. बांचं लहानपण पूर्व आफ्रिकेत, दार-एस-सलामला गेलं. तिथे अख्खा देश राष्ट्राध्यक्षाला मास्तर म्हणायचा, आणि होताच तो मास्तर. एडिंबरोहून एम. ए. करून पुगूच्या शाळेत शिकवायचा, राजकारणापायी नोकरी सोडली. १९६१ ला टांगानिका स्वतंत्र झाला, १९६४ ला त्याला झांजिबार जोडून टांझानिया.

बा एक गोष्ट फार अभिमानाने सांगतात. नागरिकत्व फक्त काळ्यांनाच द्या, असा आग्रह १९६१ मध्ये त्याच्याच लोकांनी धरला होता. हा अडला. वंश बघून ठरवणार असाल तर राजीनामा घ्या म्हणाला.

पुढचं मी वाचून काढलं. १९६७ ला अरुशाची घोषणा, म्हणजे समाजवादाचा जाहीरनामा, आणि बँका सरकारच्या. मग उजामा. त्याचा अर्थ कुटुंबपणा. 'भाऊबंदकी' लिहिणार होतो, पण आपल्याकडे त्या शब्दाचं काय झालंय ते ठाऊक आहे. विखुरलेल्या शेतकऱ्यांना एका गावात आणून सामायिक शेती करायची. आधी राजीखुशीने, नंतर जबरदस्तीने. शेती बसली. मास्तरांची जुनी खोड, पोरांना कळत नाही असं वाटलं की छडी काढायची.

१९७१ ला एक लाख शिलिंगहून जास्त किमतीच्या, भाड्याने दिलेल्या इमारती सरकारजमा झाल्या. (लाखाला स्वाहिलीत लाकीच म्हणतात.) खूप गुजराती कुटुंबं देश सोडून गेली.

"बा, तुमचं काय गेलं?"

"आम्ही तर भाडूत. मालक बदलला, नळ तोच."

१९८५ ला तो आपणहून पायउतार झाला आणि बुटियामाला, आपल्या गावी शेती करायला गेला. मला जास्त आवडलं ते वेगळंच. राष्ट्राध्यक्ष असताना त्याने शेक्सपिअरचं 'मर्चंट ऑफ व्हेनिस' स्वाहिलीत आणलं, १९६९ ला, आणि नाव दिलं 'माबेपारी वा वेनिसी'. तिथे बेपारी म्हणजे भांडवलदार.

बांना सांगितलं तर पदर तोंडाला लावून हसल्या. "बेपारी तर आपलाच शब्द!"

आतून शेठ ओरडले, "मग बेपाऱ्याची पावती कोण फाडणार?"