रिस्टोर करून दाखवा : आमची वाटचाल

२००८ च्या जूनमध्ये सांगलीत, विश्रामबागला एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आम्ही डेटाबेस, म्हणजे संगणकावरचा नोंदींचा साठा, सांभाळायला शिकवणारा वर्ग सुरू केला. जुन्या बाजारातले सहा पीसी, एक इन्व्हर्टर आणि ओरॅकल १०जी हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर. त्याआधी पाच वर्षं मी पुण्यात डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा, म्हणून रात्रपाळ्या केल्या होत्या. तिथं नव्यानं रुजू होणाऱ्या मुलांकडं प्रमाणपत्रं असायची, पण बंद पडलेला डेटाबेस त्यांनी कधी पाहिलेला नसायचा. पहिल्यांदा बघायचे तो थेट गिऱ्हाइकाचा, तोही रात्री दोन वाजता. ही भीती कुणाचं नुकसान न होता आधीच निघून जाईल अशी एक जागा आपल्या गावात हवी, एवढ्यासाठी मी परत आलो.

पहिल्या बॅचला चार मुलं होती. लोडशेडिंग तेव्हा जोरात होतं. इन्व्हर्टरवर दोनच पीसी तग धरायचे, बाकीचे एकदम बंद. सुरुवातीला मी वैतागायचो. मग एक दिवस वीज जायच्या वेळेआधी मुलांना सांगितलं, टेबलात दहा ओळी भरा, पाच झाल्या की कमिट करा, म्हणजे पक्क्या करा, पुढच्या पाच तशाच ठेवा. वीज गेली. दोन तासांनी आली तेव्हा डेटाबेस सुरू करून अलर्ट लॉग, म्हणजे डेटाबेसची स्वतःची नोंदवही, उघडला. क्रॅश रिकव्हरी, म्हणजे अचानक बंद पडल्यानंतरची सावरासावर, सुरू झाल्याची आणि पूर्ण झाल्याची नोंद त्यात होती. टेबलात पाचच ओळी. रीडू लॉग, म्हणजे प्रत्येक बदल आधी जिथं लिहिला जातो ती फाइल, मी फळ्यावर तीन वेळा समजावला होता, मुलांना तो कळला त्या दुपारी.

तेव्हापासून आमचा अभ्यासक्रम मोडतोडीवर उभा आहे. दर शनिवारी सकाळी मुलं यायच्या आत मी प्रत्येकाच्या सर्व्हरमध्ये काहीतरी बिघडवून ठेवतो. कधी एखाद्या फोल्डरची परवानगी बदलतो, कधी आर्काइव्ह लॉगची, म्हणजे रीडू लॉगच्या जपून ठेवलेल्या प्रतींची, जागा भरून टाकतो, मग डेटाबेस जागीच थांबतो. माझा आवडता बिघाड वेगळा आहे. डिस्कची मोकळी जागा दाखवणारी डीएफ ही आज्ञा सांगते डिस्क शंभर टक्के भरली, आणि फायलींचा आकार मोजणाऱ्या डीयूनं बेरीज केली तर निम्मीसुद्धा भरत नाही. मुलं तासभर फायली शोधत राहतात. मोठी लॉग फाइल मी पुसलेली असते, पण एक प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, ती उघडी धरून बसलेली असते, आणि ती सोडेपर्यंत जागा मोकळी होत नाही. उघड्या फायली दाखवणाऱ्या एलएसओएफच्या यादीत नावापुढं ‘डिलीटेड’ दिसलं की खोलीतून एक आवाज येतो, ‘सापडलं!’ त्या आवाजासाठी मी हा धंदा करतो.

२०१४ मध्ये पोस्टग्रेस हे डेटाबेसचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर शिकवायला घेतलं. आसपासच्या पतसंस्था, दवाखाने, व्यापारी यांना ओरॅकलचा लायसन्स परवडणारा नव्हता. बर्कलेत १९८६ ला सुरू झालेलं हे काम तोवर चांगलं मुरलं होतं. याच सुमारास आम्ही शिकवण्याबरोबर लोकांचे सर्व्हरही सांभाळायला घेतले.

प्रत्येक बॅचला मी गिटलॅबची, म्हणजे प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या साइटची, गोष्ट सांगतो. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या अभियंत्यानं चुकून मुख्य पोस्टग्रेस सर्व्हरवरचीच डेटाची डिरेक्टरी पुसली. सुमारे ३०० जीबी गेले. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, वेळेला एकही नीट उपयोगी पडली नाही. डेटाबेसची प्रत काढणारा पीजी-डंप जुन्या आवृत्तीचा असल्यानं रोज अपयशी ठरत होता आणि तसं सांगणाऱ्या ईमेल कुणापर्यंत पोचत नव्हत्या. शेवटी एका अभियंत्यानं योगायोगानं सहा तास आधी घेतलेल्या स्नॅपशॉटवरून, म्हणजे त्या क्षणाच्या प्रतीवरून, साइट उभी राहिली. त्यांनी हे सगळं उघडपणे लिहून जगासमोर ठेवलं, याचा मला फार आदर वाटतो.

हे शिकवणाऱ्या मीच दोन वर्षांनी चूक केली. गणपती पेठेतल्या एका ठोक व्यापाऱ्याचा सर्व्हर आमच्याकडं होता. बॅकअप रोज रात्री व्हायचा, पण शेजारच्याच कपाटातल्या डिस्कवर. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं. सर्व्हर आणि कपाट दोन्ही पाण्याखाली. पाणी ओसरल्यावर दुकानात गुडघाभर गाळ होता. मालक एवढंच म्हणाले, ‘सर, माल गेला ते जाऊ दे. उधारी कुणाकडं किती, तेवढं तरी सांगा.’

डिस्क काही वाचली नाही. वाचवलं ते तासगावच्या एका विद्यार्थिनीनं. मालकांच्या परवानगीनं तिनं रिस्टोरच्या, म्हणजे प्रतीवरून डेटाबेस पुन्हा उभा करण्याच्या, सरावासाठी तीन आठवड्यांपूर्वी त्यांचा डंप, म्हणजे डेटाबेसची प्रत, आमच्या सर्व्हरवर उतरवला होता. विश्रामबागला पाणी आलं नव्हतं. तीन आठवड्यांची बिलं मात्र गेलीच. गिऱ्हाइकांकडच्या प्रती मागून आणून आम्ही चौघांनी अकरा दिवस बसून ती पुन्हा भरली. त्याचे पैसे मी घेतले नाहीत. चूक आमची होती.

मार्च २०२० मध्ये वर्ग बंद झाले. मुलांना घरून आमच्या सर्व्हरवर एसएसएचनं, म्हणजे दुरून आज्ञा टाइप करायच्या सोयीनं, जोडून दिलं. काळ्या पडद्यावरच्या अक्षरांना रेंज फार लागत नाही. जत आणि आटपाडीची मुलं मोबाइलवरून काम करत होती. त्याच डिसेंबरात आमच्या सर्व्हरवरची लिनक्स प्रणाली सेंटओएस ८ एका वर्षात बंद होणार असं जाहीर झालं, आणि सगळे सर्व्हर तिच्या जागी आलेल्या अल्मालिनक्सवर हलवायचं काम त्याच बॅचनं केलं. इतका खराखुरा सराव मी ठरवून देऊ शकलो नसतो.

नोकरीची हमी देणारा फलक आमच्या दारावर नाही, लागणारही नाही. बॅच बारा मुलांचीच असते. तेराव्या मुलाच्या स्क्रीनपाशी मला थांबायला वेळ उरत नाही.

आता प्रत्येक गिऱ्हाइकाची एक प्रत सांगलीबाहेर असते. दर महिन्याच्या एक तारखेला एक विद्यार्थी ती रिकाम्या मशीनवर रिस्टोर करतो, शेवटचं बिल उघडतो आणि मालकांना फोन लावतो. गणपती पेठेतले मालक वही उघडून बसलेलेच असतात. नंबर जुळला की म्हणतात, ‘बरोबर हाय.’ मग तो विद्यार्थी भिंतीवरच्या तक्त्यात तारीख घालून सही करतो.